थकबाकी एकाची, नोटीस दुसऱ्याला

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शाहूपुरीत गेली सव्वीस वर्षे मी टंकलेखनाचे आणि डीटीपीचे दुकान चालवते. पतसंस्थांच्या वसुलीच्या नोटिसा, सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांची इतिवृत्ते, वकिलांचे दावे व कैफियती, खरेदीखतांचे मसुदे असे कागद रोज आमच्या हाताखालून जातात. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झाल्यानंतर याचिका, त्यांच्या अनुक्रमणिका आणि परिशिष्टे यांचे काम इतके वाढले आहे की, ज्यांनी वर्डमधला मॅक्रो आजवर कधी उघडून पाहिला नव्हता असे टंकलेखकही कुणाकडून तरी मॅक्रो मागून घेऊन वापरू लागले आहेत. मॅक्रो चालू असताना चूक घडली तर पुढे काय व्हावे, याचा विचार मात्र लिहिणारा करत नाही आणि वापरणारा तर नाहीच नाही. आमच्याच दुकानात तीन वर्षांपूर्वी घडलेल्या एका प्रकारावरून मी हे लिहीत आहे. त्यात दोष आमचा होता, हे आधीच सांगून टाकते.

मॅक्रो म्हणजे वर्डला एकदाच लिहून दिलेल्या आज्ञांची मालिका, एवढे बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. करवीर तालुक्यातील एका पतसंस्थेने आम्हांला २१२ थकबाकीदारांच्या नोटिसा तयार करण्याचे काम दिले होते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखल्यासाठी अर्ज करण्यापूर्वी ज्या मागणीच्या नोटिसा पाठवतात, त्या या नोटिसा. संस्थेने वर्डमध्येच एक तक्ता दिला होता आणि त्यात अनुक्रमांक, नाव, गाव, कर्जखाते क्रमांक व थकबाकीची रक्कम असे रकाने होते. दुकानातल्या एका हुशार मुलाने दोन संध्याकाळी बसून मॅक्रो लिहिला. तो तक्त्यातील एकेक ओळ वाचायचा, रकमेचे संख्येत रूपांतर करायचा, ती नमुन्यात बसवायचा आणि नोटीस छापायचा. २१२ ओळी होत्या, २१२ नोटिसा निघाल्या. मध्ये एकदाही तो अडखळला नाही, म्हणून आम्ही त्याचे कौतुकही केले.

पंधरवड्याने एक म्हातारे गृहस्थ संस्थेच्या वसुली अधिकाऱ्यांना सोबत घेऊन दुकानात आले. नोटिशीवर नाव त्यांचे, गाव त्यांचे, खाते क्रमांकही त्यांचाच होता, पण रक्कम होती ४,१८,००० रुपये. त्यांची खरी थकबाकी १८,४०० रुपये होती. “ताई, माझी म्हस आन् रेडकू दोन्ही इकली तरी एवढं पैसं व्हायचं न्हाईत, मग हे चार लाख माझ्या डोक्यावर आलं कुठनं?” असे त्यांनी विचारले. मला उत्तर देता आले नाही. तक्ता काढून पाहिला तेव्हा त्यांच्या लगेच वरच्या ओळीतल्या माणसाची थकबाकी ४,१८,००० होती. मग सगळ्या नोटिसा तक्त्याशी ताडून पाहिल्या आणि अकरा जणांना आपल्या वरच्या ओळीतल्या माणसाचे कर्ज चिकटल्याचे आढळले.

हे कसे घडले ते सविस्तर सांगण्याजोगे आहे. मॅक्रोच्या अगदी पहिल्या ओळीत ‘ऑन एरर रिझ्युम नेक्स्ट’ असे लिहिलेले होते. याचा अर्थ, कोणतीही आज्ञा पार पडली नाही तरी काही न बोलता पुढच्या आज्ञेकडे जा. संस्थेच्या लेखनिकाने बहुतेक ओळींत केवळ आकडा लिहिला होता, पण अकरा ओळींत ‘रु. १८,४००/-’ अशा थाटाने, म्हणजे आपण व्यवहारात लिहितो तसा, लिहिला होता. ‘सीलाँग’ या क्रियेला अशा मजकुराचे संख्येत रूपांतर करता येत नाही, ती १३ क्रमांकाची ‘टाइप मिसमॅच’ ही चूक देते. पहिल्या ओळीतल्या हुकमामुळे ती चूक गिळली गेली आणि मॅक्रो पुढच्या आज्ञेवर गेला. रक्कम साठवणाऱ्या चलात, म्हणजे मॅक्रो आकडा तात्पुरता ठेवतो त्या खणात, नवे काही आलेच नाही, तेव्हा तिथे आधीच्या माणसाचा आकडा होता तसाच राहिला. पाटी न पुसता पुढच्या पोराचे गणित तिच्यावरूनच वाचून दाखवावे, तसा हा प्रकार झाला.

याहून वाईट गोष्ट पुढे कळली. थकबाकी एक लाखाच्या वर असेल तरच जंगम मालमत्तेच्या जप्तीचा परिच्छेद नोटिशीत घालावा, अशी अट मॅक्रोत होती, आणि ही अट चलातली संख्या न घेता तक्त्यातला मजकूर पुन्हा एकदा वाचून तपासली जात होती. ‘इफ’च्या ओळीत अट तपासतानाच चूक झाली आणि ‘रिझ्युम नेक्स्ट’ लागू असले, तर मॅक्रो पुढच्या ओळीवर जातो. ती पुढची ओळ अटीच्या आतली असते. म्हणजे अट खरी की खोटी हे ठरलेच नाही तरी ती खरी असल्यासारखे आतले काम होते. अकराही जणांना जप्तीचा परिच्छेद गेला, ज्यांची थकबाकी वीस हजारांच्या आत होती त्यांनाही. त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या घरात दोन रात्री कुणी झोपले नव्हते, असे अधिकाऱ्यांनी मला नंतर बाजूला घेऊन सांगितले.

आमची पहिली दुरुस्ती तितकीच फसवी होती, तिचाही उल्लेख करायला हवा. वर्डच्या तक्त्यातील प्रत्येक चौकटीच्या मजकुराअखेर १३ आणि ७ या क्रमांकांची दोन अदृश्य चिन्हे असतात. ती काढून टाकली नाहीत तर साध्या आकड्यालाही ‘सीलाँग’ नकार देते. आमच्या मुलाने ती काढली होती, पण दुसऱ्या कुणीतरी त्याला सुचवले की, ‘सीलाँग’ऐवजी ‘व्हॅल’ ही क्रिया वापर, ती कधी तक्रार करत नाही. ते खरेच आहे, ती तक्रार करत नाही. डावीकडून अंक वाचत जाते आणि न कळणारे पहिले चिन्ह आले की थांबते. स्वल्पविरामही तिला कळत नाही. त्यामुळे १८,४०० चे १८ झाले, १,२५,००० चा १ झाला आणि ‘रु.’ने सुरू होणाऱ्या रकमांचे शून्य झाले. देवनागरी अंकांत लिहिलेली रक्कमही तिच्या लेखी शून्यच असते. या वेळी मात्र नोटिसा दुकानाबाहेर गेल्या नाहीत, कारण सव्वा लाखाच्या कर्जाला एक रुपयाची मागणी पाहून छपाई करणारी मुलगीच हसू लागली. पहिल्या वेळी छापलेली रक्कम पटण्यासारखी होती, म्हणून ती कुणाच्या डोळ्यांत खुपली नाही. दुसऱ्या वेळची हास्यास्पद होती, म्हणून वाचलो.

एवढी घातक ओळ आपल्याकडे घरोघर का आढळते, याचा मी शोध घेतला. वर्डमध्ये मॅक्रो ‘रेकॉर्ड’ करण्याची सोय आहे. आपण हाताने जे करू ते ती आज्ञांच्या रूपात लिहून ठेवते, पण चूक झाल्यास काय करावे याची एकही ओळ ती लिहीत नाही. असा रेकॉर्ड केलेला मॅक्रो दुसऱ्या मसुद्यावर चालवला की अडतो आणि ‘एंड’, ‘डीबग’ अशी बटणे असलेली इंग्रजी चौकट समोर येते. टंकलेखक घाबरतो, गिऱ्हाईक खोळंबते, आणि मग ज्याला थोडेबहुत येते तो सुरुवातीला ती एक ओळ घालून देतो. चौकट येणे बंद होते आणि मॅक्रो दुरुस्त झाला अशी सर्वांची समजूत होते. तीच फाइल पुढे पेनड्राइव्हवरून आणि व्हॉट्सॲपवरून गावभर फिरते. अलीकडे संगणकालाच विचारून तयार मॅक्रो मिळवणारी मुलेही माझ्याकडे येतात, त्यांच्या मॅक्रोतही ही ओळ मी अनेकदा पाहिली आहे.

येथे थोडे विषयाला धरूनच एक सांगते. मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’ नावाचा विषाणू वर्डच्या मॅक्रोतून जगभर पसरला होता. दस्तऐवज उघडताच चालणाऱ्या त्याच्या कार्यपद्धतीची पहिली आज्ञा हीच, ‘ऑन एरर रिझ्युम नेक्स्ट’, होती. विषाणू लिहिणाऱ्याला ती हवीच होती, कारण काही बिनसले तरी समोरच्याला सुगावा लागू नये हीच त्याची गरज. थकबाकीच्या नोटिसा काढणाऱ्याची गरज याच्या नेमकी उलट असताना आपण त्याचीच पहिली ओळ उसनी घ्यावी, याचे मला नवल वाटते. (मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो आपोआप अडवण्यास सुरुवात केली. पण आपले लोक फाइलीच्या गुणधर्मांत जाऊन ‘अनब्लॉक’वर खूण करतात आणि मोकळे होतात. तो वेगळा विषय आहे.)

त्या ओळीला मी सरसकट दोष देत नाही. एखादी आज्ञा पार पडते की नाही, हेच जेव्हा आपल्याला जाणून घ्यायचे असते, तेव्हा ती उपयोगी आहे. उदाहरणार्थ, एक्सेल आधीपासून चालू आहे का हे पाहायचे असेल, तर ‘गेटऑब्जेक्ट’ने त्याला हाक मारायची. तो चालू नसेल तर ४२९ क्रमांकाची चूक येते आणि तेच आपले उत्तर असते. अशा ठिकाणी एका आज्ञेपुरती ती ओळ घालावी, लगेच ‘एरर’चा क्रमांक तपासावा आणि त्यानंतर ‘ऑन एरर गोटू झिरो’ लिहून ती सवलत बंद करावी. मॅक्रोच्या माथ्यावर लिहून शेवटच्या ओळीपर्यंत ती चालू ठेवणे, म्हणजे एका दिवसासाठी दिलेली कोऱ्या धनादेशाची मुभा वर्षभर चालवण्यासारखे आहे.

बाकी सर्व मॅक्रोला ‘ऑन एरर गोटू’ आणि पुढे एका ठिकाणाचे नाव, अशी व्यवस्था हवी. चूक झाली की काम त्या ठिकाणी जाते आणि तिथे काय करायचे ते आपण लिहिलेले असते. यातही खाचखळगे आहेत आणि त्या सगळ्यांत मी एकदा तरी पडले आहे. ते ठिकाण सुरू होण्यापूर्वी ‘एक्झिट सब’, म्हणजे इथेच थांबून बाहेर पड, असे लिहायला विसरले, तर काहीही चुकलेले नसताना मॅक्रो शेवटी त्या चुकीच्या विभागात उतरतो आणि ‘चूक क्रमांक ०’ असा अगम्य निरोप दाखवतो. तिथे पोहोचल्यावर सर्वांत आधी चुकीचा क्रमांक आणि वर्णन बाजूला लिहून ठेवावे लागते, कारण पुढे ‘ऑन एरर’ची कुठलीही नवी आज्ञा आली किंवा ‘रिझ्युम’, म्हणजे हाताळणी संपवून कामावर परत जा, ही आज्ञा झाली की ती नोंद पुसली जाते. मी साफसफाईसाठी आधी दुसरी आज्ञा लिहिली आणि मग क्रमांक वाचू लागले. रोज शून्य येत होते आणि चूक कुठे गेली हे मला आठवडाभर कळले नाही.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो पुढील प्रकाराने. चूक हाताळून झाल्यावर पुढच्या थकबाकीदाराकडे जायचे, म्हणून मी साधे ‘गोटू’ वापरले होते. पहिली वाईट ओळ व्यवस्थित हाताळली गेली, पण दुसरी वाईट ओळ येताच मॅक्रो कोसळला. कारण असे की, ‘रिझ्युम’ म्हटल्याशिवाय वर्डच्या दृष्टीने आपण अजून पहिल्याच चुकीच्या हाताळणीत असतो, आणि हाताळणी चालू असताना झालेली नवी चूक तीच हाताळणी पकडू शकत नाही. ‘गोटू’च्या जागी ‘रिझ्युम’ आणि ठिकाणाचे नाव एवढाच बदल करायचा होता. मी चाचणीच्या तक्त्यात वाईट ओळ एकच ठेवली होती, म्हणून दोन दिवस सर्व काही उत्तम चालले आहे असे समजत होते.

चूक झाली तरी मॅक्रोने आवरासावर करूनच निघावे, हेही महत्त्वाचे आहे. मॅक्रोने वर्डच्या सूचना बंद केल्या असतील, म्हणजे ‘डिस्प्लेअलर्ट्स’ला ‘नन’ केले असेल, तर मॅक्रो थांबला म्हणून वर्ड त्या आपण होऊन पुन्हा चालू करत नाही. मध्येच ‘एंड’ दाबून बाहेर पडलेल्या टंकलेखकाच्या संगणकावर मग नंतरच्या कामातल्या इशाऱ्यांच्या चौकटी दिसेनाशा होतात आणि त्याचे कारण कुणाच्या लक्षात येत नाही. उघडलेली फाइल उघडीच राहते आणि शेजारच्या मेजावरून ती उघडू पाहणाऱ्याला ती वापरात असल्याचा निरोप मिळतो. म्हणून काम सुरळीत संपो वा चुकीने, दोन्ही वाटा शेवटी एकाच आवरण्याच्या ओळींतून जाव्यात, अशी रचना आम्ही आता करतो. वर्ड २०१० पासून मॅक्रोने केलेले सगळे बदल एकत्र बांधून एकाच ‘अन्डू’ने मागे घेण्याची सोय ‘अन्डूरेकॉर्ड’ या नावाने मिळाली आहे. अर्धवट राहिलेला मसुदा पूर्ववत करायला ती फार कामी येते, पण मला भेटलेल्यांपैकी फारच थोड्यांना ती माहीत होती.

आता भाषेचा प्रश्न. आमच्या दुकानात आलेल्या एका संस्थेच्या लेखनिकाने एकदा मला घाईघाईने बोलावले. नमुन्यात मजकूर कुठे बसवायचा ते दाखवणारी खूण, म्हणजे ‘बुकमार्क’, पुसली गेली होती, त्यामुळे ५९४१ क्रमांकाची चूक आली होती. तिचा इंग्रजी मजकूर ‘द रिक्वेस्टेड मेंबर ऑफ द कलेक्शन डझ नॉट एक्झिस्ट’ असा असतो. त्या बिचाऱ्याच्या आयुष्यात ‘मेंबर’ म्हणजे सभासद आणि ‘कलेक्शन’ म्हणजे वसुली. त्याने अर्थ लावला की, वसुलीच्या यादीतला हा सभासद हयात नाही, आणि तो वारसांची नावे शोधायला निघाला होता! यात हसण्यासारखे आहे, पण दोष त्याचा नाही. संगणकाचा निरोप मॅक्रो लिहिणाऱ्यासाठी असतो. तो जशाच्या तसा टंकलेखकापुढे टाकणे म्हणजे डॉक्टरांसाठी लिहिलेला तपासणीचा अहवाल रुग्णाच्या हातात देऊन दार लावून घेणे होय.

म्हणून निरोप मराठीत द्यावा असे ठरवले, तर निराळीच अडचण आली. वर्डच्या मॅक्रो लिहिण्याच्या खिडकीत देवनागरी टिकत नाही, अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. ‘सीएचआरडब्ल्यू’ने एकेक अक्षर क्रमांकाने लिहिता येते, क साठी २३२५ असे. पण तसे करूनही नेहमीच्या ‘मेसेजबॉक्स’मध्ये पुन्हा प्रश्नचिन्हांचीच रांग दिसते. शेवटी असा मार्ग काढला की, सगळे मराठी निरोप नमुन्याच्या फाइलीतच एका तक्त्यात, चुकीच्या क्रमांकासमोर, लिहून ठेवायचे आणि चूक झाली की तिथून मजकूर उचलून स्वतः तयार केलेल्या ‘युजरफॉर्म’वर दाखवायचा. त्या फॉर्मवर देवनागरी नीट दिसते. लिबरऑफिस हे वर्डसारखेच दुसरे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हा त्रास कमी आहे. त्याच्या बेसिक या मॅक्रोच्या भाषेत मराठी वाक्ये थेट लिहिता येतात आणि चूक कोणत्या ओळीत झाली ते ‘ईआरएल’ लगेच सांगते. वर्डमध्ये मात्र हेच ‘ईआरएल’ आपण ओळींना स्वतः क्रमांक दिले असतील तरच काही सांगते. ‘ऑन एरर’च्या मूळ आज्ञा दोन्हीकडे जवळपास सारख्याच आहेत.

आता ५९४१ आली तर आमच्याकडे असा निरोप दिसतो: “नमुन्यात ‘थकबाकी’ ही खूण सापडली नाही. अनुक्रमांक ४७ ची नोटीस तयार झालेली नाही. नमुन्याची मूळ प्रत उघडून पुन्हा सुरू करा.” खरे तर ही चूक होऊ देण्याचीही गरज नसते, कारण खूण आहे की नाही हे ‘एक्झिस्ट्स’ने आधीच विचारता येते. जे आधी विचारता येते ते विचारून घ्यावे आणि ज्याचा अंदाज बांधता येत नाही तेवढेच चुकीच्या विभागावर सोपवावे, हे शहाणपण मला उशिरा आले.

चुकांची नोंदवही हवी हेही ओघाने आलेच. ती साध्या मजकूर फाइलीत ‘प्रिंट’च्या आज्ञेने लिहायला गेलो, तेव्हा नावांच्या जागी पुन्हा प्रश्नचिन्हे आली. म्हणून आता नोंदवही म्हणजे वर्डचाच एक तक्ता आहे. त्यात वेळ, अनुक्रमांक, चुकीचा क्रमांक आणि तक्त्यात मुळात लिहिलेला मजकूर जसाच्या तसा येतो. ज्या ओळीत चूक झाली तिची नोटीस अजिबात तयार होत नाही, पुढच्या ओळींचे काम चालू राहते आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला सगळी चले रिकामी केली जातात. २१२ पैकी २०१ नोटिसा निघाल्या आणि अकरा नोंदवहीत आल्या, तर त्या अकरा हाताने करायला अर्धा तास लागतो. त्या काळी आम्ही तो अर्धा तास वाचवला होता आणि नंतर अकरा घरी माफीची पत्रे घेऊन गेलो होतो.

शिवाय मॅक्रोने शेवटी ताळा दाखवला पाहिजे. आपल्या जुन्या दिवाणजींना पाने मोजून समाधान होत नसे, बेरीज जुळल्याशिवाय ते खतावणी मिटत नसत. त्या दिवशी आम्ही २१२ ला २१२ जुळवले आणि थांबलो. तक्त्यातील रकमांची संस्थेने दिलेली बेरीज आणि छापलेल्या नोटिसांवरील रकमांची बेरीज ताडून पाहिली असती, तर फरक तिथल्या तिथे दिसला असता. आज आमचा मॅक्रो दोन्ही बेरजा समोरासमोर दाखवतो आणि त्या जुळल्या नाहीत तर छपाईची आज्ञाच देत नाही.

याचिकांच्या कामात रकमेची जागा पानांचे क्रमांक आणि परिशिष्टे घेतात, इतकाच फरक. परिशिष्टाची फाइल दिलेल्या जागी नसेल तर वर्ड ५१७४ क्रमांकाची चूक देतो. ती गिळली गेली तर नवी फाइल उघडतच नाही, आधीची उघडी राहते आणि ‘परिशिष्ट क’ असा मथळा ‘परिशिष्ट ब’च्या कागदावर बसतो. असे एक प्रकरण माझ्या परिचयातल्या एका टंकलेखकाच्या हातून दाखल होता होता राहिले. वकिलांच्या कनिष्ठ सहकाऱ्याने पाने उलटताना ते पकडले.

आपल्या दैनिकाच्या माध्यमातून टंकलेखन संस्थांच्या चालकांना माझी एक विनंती आहे. ३० आणि ४० शब्दांच्या वेगाच्या परीक्षांसाठी आपण मुलांकडून भरपूर सराव करून घेता आणि तो आवश्यकच आहे. पण पुढे नोकरीत ही मुले हाताने टंकणार त्याहून अधिक मजकूर मॅक्रोने काढणार आहेत, तेव्हा दोन तास तरी त्यांना बिघडलेला मॅक्रो ओळखायला शिकवावे. मॅक्रो लिहिता आला नाही तरी चालेल, पण त्याच्या माथ्यावर ती ओळ आहे का हे कुणालाही पाहता येते. पतसंस्थांच्या आणि अन्य संस्थांच्या सचिवांनीही काम बाहेर देताना नोटिसांच्या गठ्ठ्यासोबत चुकांची नोंदवही आणि बेरजेचा ताळा मागून घ्यावा. तो देता येत नाही असे सांगणाऱ्याकडून, मग तो आमच्यासारखा जुना दुकानदार का असेना, गठ्ठा ताब्यात घेऊ नये.

एक गोष्ट मी देऊ शकते. आमच्या दुकानात ‘खोडसाळ’ नावाची एक फाइल आहे. तिच्यात चाळीस ओळींचा तक्ता असून बारा ओळी मुद्दाम बिघडवल्या आहेत. कुठे रक्कम रिकामी आहे, कुठे ‘निरंक’ लिहिले आहे, कुठे आकडे देवनागरी आहेत, कुठे ‘अडीच हजार’ असे अक्षरी लिहिले आहे, कुठे दोन चौकटी एक केल्या आहेत, आणि दोन वाईट ओळी मुद्दाम लागोपाठ ठेवल्या आहेत. नवा मॅक्रो आला की आम्ही आधी तो या फाइलीवर चालवतो आणि अठ्ठावीस नोटिसा व बारा नोंदी निघाल्या तरच खऱ्या कामाला लावतो. ज्यांना ही फाइल हवी असेल त्यांनी पेनड्राइव्ह घेऊन दुकानी यावे, तिचे पैसे घेत नाही. तिच्यातली सर्व नावे काढून टाकली आहेत. सतराव्या ओळीतली ‘रु. १८,४००/-’ ही रक्कम मात्र तशीच ठेवली आहे.

कळावे.

आपली,
एक टंकलेखन व्यावसायिक
शाहूपुरी, कोल्हापूर